पुण्याच्या थंडीत बाहेरचे पाम कसे सांभाळायचे: पानांची चिंता कमी, कोंबाची जास्त

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात. अरेकाची टोकं करपलेली, फॉक्सटेलचं खालचं पान पिवळंजर्द, आणि खाली ठरलेला प्रश्न, "थंडी लागली का हो याला?" मग एक जण म्हणतो रोज पाणी घाला, दुसरा म्हणतो युरिया टाका, तिसरा म्हणतो प्लास्टिकची पिशवी घालून बांधून टाका. आणि जे पाम थंडीने मेले नसते ते या तीन उपायांनी मरतात.

पुण्याच्या थंडीने मोठा झालेला पाम सहसा मरत नाही, तो फक्त सुस्त होतो. मुळं हळू चालतात, नवीन पान निघायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि आपण मात्र त्याला मे महिन्यातल्यासारखं खायलाप्यायला घालत राहतो. सगळा घोळ इथे होतो.

पुढचं सगळं वाचायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. आंबा, पेरू, कढीपत्ता यांचा शेंडा गेला तरी बाजूने फुटवा येतो. पामचं तसं नसतं. एका खोडाला वाढीचा कोंब एकच, तोही अगदी वर, पानांच्या मधोमध लपलेला. तो कुजला की ते खोड संपलं, मग खाली कितीही खत घाला. अरेका किंवा रॅफिससारख्या बेटाने वाढणाऱ्या पामला बाजूची पिल्लं असतात म्हणून बेट वाचतं, पण रॉयल, फॉक्सटेल, बिस्मार्किया, नारळ, सुपारी यांना दुसरी संधी नाही. शिवाय पामच्या खोडाला पडलेली जखम भरून येत नाही, खिळा ठोकलेला असो की कोयत्याचा घाव असो, ती खूण आयुष्यभर राहते आणि तिथून कीड-बुरशीला वाट मिळते. म्हणून थंडीत पानं थोडी खराब झाली तर होऊ द्या, कोंब कोरडा आणि धडधाकट राहिला पाहिजे.

तुमच्या घरी थंडी नक्की किती पडते

पेपरात येतो तो आकडा शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचा. (हवामान खात्याचं ऑफिस १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून अजूनही बस कंडक्टरसुद्धा सिमला ऑफिसच म्हणतो.) तिथे डिसेंबर-जानेवारीत पारा ८-९ पर्यंत उतरणं यात विशेष काही नाही. आजवरचा नीचांक १.७ अंश, तो १९३५ च्या जानेवारीतला. पण पुणं काही एकसारखं थंड नाही. पाषाण, एनडीएचा भाग, हवेली, तळेगाव, शिरूरकडे पारा बऱ्याचदा शिवाजीनगरच्या खाली असतो आणि लोहगाव, मगरपट्टा, चिंचवडला त्याच पहाटे तीन-चार अंश जास्त असतात. थंड हवा जड असते, ती रात्री टेकडीवरून उतरते आणि खोलगट भागात, नदीकाठी साचून बसते. वेताळ टेकडीच्या पायथ्याचा बंगला आणि कोरेगाव पार्कातल्या इमारतीचा सातवा मजला यांना एकच सल्ला देऊन चालत नाही.

आणखी एक भानगड म्हणजे हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वर, सावलीच्या पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पहाटे उघड्या लॉनवर, गवताच्या उंचीला, पारा त्याहून तीन-चार अंश खाली असू शकतो. तुमचा दोन फुटी पाम नेमका त्याच थरात उभा असतो. म्हणून साधा मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर घ्या आणि पामच्या शेंड्याच्या उंचीवर सावलीत टांगा. आठवडाभर सकाळी बघितलं की आपल्या गच्चीचा आणि सिमला ऑफिसचा फरक किती ते कळतं, मग रोज पेपरातल्या आकड्यात तेवढी बेरीज-वजाबाकी करा, झालं.

पुण्यात थंडीपेक्षा जास्त त्रास देतो तो दिवस-रात्रीतला फरक. पहाटे ९, दुपारी ३०. दुपारी तीन वाजता कोरडी हवा आणि ऊन पानातून पाणी ओढत असतं, आणि कुंडीतली मुळं अजून रात्रीच्या गारठ्यातून नीट जागी झालेली नसतात, त्यामुळे मागणीएवढं पाणी वर जात नाही आणि पानांची टोकं वाळतात. त्या टोकांना आपण "थंडी लागली" म्हणतो. अर्धीच खरी गोष्ट आहे ती.

कुठला पाम किती नाजूक

बिनधास्त राहायचं ते यांच्या बाबतीत: शिंदी, खजूर, वॉशिंग्टोनिया, चायनीज फॅन पाम, रॅफिस. पुण्याची थंडी यांच्या खिजगणतीत नाही. बिस्मार्कियाही धट्टाकट्टा आहे, त्यातला चंदेरी निळसर पानांचा प्रकार हिरव्यापेक्षा जास्त सोसतो. सायकसला लोक सागो पाम म्हणतात, पण तो पाम नाहीच, थंडीची त्याला फिकीर नाही. ट्रॅव्हलर्स पामही पाम नाही, तो केळीचा लांबचा भाऊबंद, त्याची पानं वाऱ्याने फाटतात ती थंडीमुळे नव्हे.

मधला गट म्हणजे रॉयल पाम, फॉक्सटेल, भेरली माड, अरेका, नारळ. हे पुण्यात मरत नाहीत, पण रुसतात. अरेकावर कडक थंडीच्या लाटेनंतर तपकिरी ठिपके येतात, नारळाची वाढ थंडीभर जवळजवळ थांबते. रॉयल आणि फॉक्सटेल मोठे झाले की बघावं लागत नाही, पहिली दोन वर्षं बघावं लागतं.

खरे नाजूक म्हणजे सुपारी, लिक्युआला आणि लाल दांड्याचा लिपस्टिक पाम. सुपारीला १४ अंशांच्या खालची हवा मानवत नाही आणि कोरडा वारा तर अजिबातच नाही, कोकणातली सवय आहे तिची. लिपस्टिक पाम हा मलेशिया-इंडोनेशियाच्या दलदलीतला, बारा महिने उबदार आणि ओल्या हवेतला. नर्सरीवाला म्हणेल "काही नाही होत, आपल्याकडे चालतो", मुंबईत चालतोही, पण पुण्यात उघड्यावर लावून दर हिवाळ्यात त्याची सेवा करत बसायची हौस असेल तरच घ्या.

जात कुठलीही असो, सप्टेंबरनंतर लावलेला किंवा कुंडी बदललेला पाम नाजूकच धरायचा. त्याची मुळं अजून बसलेली नसतात. पाम लावायचा, हलवायचा तर जून-जुलै, मग थंडीआधी त्याला चार महिने मिळतात.

पायरी पहिली: ऑक्टोबरातच पोटॅश द्या, युरिया बंद करा

थंडीची तयारी थंडीत करून उपयोग नाही. पाऊस गेला, ऑक्टोबरची उष्णता आहे, माती गरम आहे, मुळं अजून चालू आहेत, हाच काळ खत घालायचा. पामला पोटॅश आणि मॅग्नेशियम भरपूर लागतं आणि पावसाळ्यात कुंडीतून, मुरमाड जमिनीतून हे दोन्ही धुऊन जातं. १८ इंची कुंडीला एक मोठा चमचा सल्फेट ऑफ पोटॅश आणि एक छोटा चमचा एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट), खोडाला न चिकटवता कडेकडेने पसरून, वर दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, आणि नंतर भरपूर पाणी. जमिनीतल्या पामला त्याच्या आकाराप्रमाणे वाढवा, पण पानांच्या घेराखाली सगळीकडे पसरा, बुंध्याशी ढीग करू नका.

नोव्हेंबर ते जानेवारी नत्राचं खत नको. युरिया नाही, १९-१९-१९ ची फवारणी नाही, "जरा हिरवागार होईल" म्हणून काहीही नाही. त्याने चुकून कोवळं पान निघालंच तर ते थंडीत पहिलं मार खातं, आणि बहुतेक वेळा तर काहीच निघत नाही, खत मातीत पडून राहतं आणि क्षार वाढतात.

पान पिवळं दिसलं की आधी कुठलं पान ते बघा. जुन्या, खालच्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि टोकाकडून वाळणं असेल तर पोटॅश कमी. खालच्याच पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम. सगळ्यात नवं पान आखूड, चुरगळल्यासारखं, करपट निघालं तर मॅंगनीज, आणि हे मात्र थंडीत हमखास दिसतं कारण गार मातीतून मुळं मॅंगनीज उचलू शकत नाहीत, त्यात काळी चुनखडीची माती असेल तर आणखीनच. फेब्रुवारीत माती तापली की बऱ्याचदा आपोआप सुधारतं, घाई नको.

पायरी दुसरी: पाणी, म्हणजे खरी परीक्षा

लोक पाम पाण्याने मारतात. थंडीत कुंडीतली माती वरून दोन दिवसांत कोरडी दिसते आणि आत मात्र ओली असते. बोट दोन इंच आत खुपसा, ओल लागली तर पाणी नाही. १८ इंची कुंडीला आठवड्यातून दोनदा पुरतं, गच्चीवर वारा असेल तर तीनदा. जमिनीतल्या, माणसाच्या उंचीच्या पामला मुरमाड जागेत चार-पाच दिवसांनी दोन बादल्या, काळ्या मातीत आठ-दहा दिवसांनी. पण एकदा घातलं की खालपर्यंत मुरेल असं घाला, रोज तांब्याभर शिंपडण्याने वरचा थर भिजतो आणि खालची मुळं उपाशी राहतात.

वेळ सकाळी नऊ ते अकरा. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गार झालेलं पाणी पहाटे सहाला घालू नका. बोअरचं ताजं पाणी थंडीतही कोमट लागतं, ते मुळांना बरं, पण पुण्यात कित्येक ठिकाणी ते जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसत असेल तर अरेकाची टोकं करपण्याचं कारण तीच, थंडी नाही. अशा कुंडीला महिन्यातून एकदा कॉर्पोरेशनच्या नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्याने, खालून निचरा होईस्तोवर धुऊन काढा. खालच्या थाळीत साचलेलं पाणी लगेच ओता.

आणि शेंड्यावर पाणी नको! आमच्याकडे माळीकाका पाइप धरून वरून अंघोळ घालायचे, पान स्वच्छ होतं म्हणून. मे महिन्यात घाला हवी तेवढी. थंडीत पानांच्या बेचक्यात, कोंबाजवळ साचलेलं पाणी दिवसभर सुकत नाही आणि त्या गार ओलीत बुरशी धरते. लॉनचे स्प्रिंकलर पामच्या शेंड्यावर उडत असतील तर त्यांची दिशा बदलून घ्या, सोसायटीत हे कुणी बघतच नाही.

एक अपवाद आहे. कडाक्याची लाट येणार अशी बातमी असेल तर आदल्या दिवशी दुपारी जमिनीतल्या पामच्या बुंध्याला चांगलं पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. द्राक्षबागायतदार पहाटे ड्रिप चालू करतात, त्यामागचं एक कारण हेच.

पायरी तिसरी: आच्छादन

उसाचं पाचट, वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. तीन-चार इंच जाड थर, पानांच्या घेराएवढा, पण बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडून. बुंध्याला टेकवलेला पाला ओला राहतो आणि साल कुजवतो, शिवाय वाळवीला आमंत्रण. कुंडीत दीड-दोन इंच पुरे. पाला जाळून धूर करायच्या भानगडीत पडू नका. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात ते वेगळं, शहरात उघड्यावर कचरा जाळला तर दंड होतो आणि चार घरांतले दमेकरी तुम्हाला शिव्या घालतात.

पायरी चौथी: कुंड्या हलवा

जमिनीत फूटभर खाली माती फारशी गार होत नाही, कुंडीत मात्र चारी बाजूंनी गारठा लागतो आणि मुळं नेमकी कडेलाच असतात. त्यामुळे कुंडीतला पाम जमिनीतल्यापेक्षा नेहमी जास्त नाजूक. दक्षिण किंवा पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीला लागून ठेवा, दगडी किंवा काँक्रीटची भिंत दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहते. भिंतीपासून वीतभर अंतर असू द्या, पानं घासायला नकोत. सुट्या सुट्या ठेवण्यापेक्षा कुंड्या एकत्र करा, नाजूक मधे, दणकट बाहेर. फरशीवर थेट न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. कठड्याच्या टोकाला वाऱ्यात उभा पाम अजिबात नको, कोरड्या वाऱ्याने पान जेवढं वाळतं तेवढं थंडीने वाळत नाही. वारा येणाऱ्या बाजूला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणली तरी खूप फरक पडतो.

घरात आणायचा विचार असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात आणि लिफ्टच्या पॅसेजमध्ये नको. उजेडाच्या खिडकीजवळ आणा, आणि परत बाहेर नेताना एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका.

पायरी पाचवी: झाकायचं, पण कसं

शिंदी, रॅफिस, मोठा रॉयल यांना झाकायची गरज नाही, उगाच हौस करू नका. नाजूक जात असेल आणि तुमच्या थर्मामीटरचा पारा १० च्या खाली जाणार असेल तर झाका. मधल्या गटातला लहान किंवा नवा लावलेला पाम असेल तर ६-७ ला झाका.

झाकताना सगळे एकच गोष्ट चुकवतात. माणसाला पांघरूण उबदार लागतं कारण अंग गरम असतं. पामच्या अंगात ऊब नसते. ऊब येते जमिनीतून, त्यामुळे झाकण जमिनीपर्यंत आलं पाहिजे, तिथली ऊब आत कोंडली पाहिजे. म्हणजे मफलर गुंडाळायचा नाही, तंबू ठोकायचा. नुसत्या खोडाला गोणपाट गुंडाळून शेंडा उघडा ठेवलेले पाम दिसतात ना रस्त्याकडेच्या लॉनवर, त्याचा पुण्यात शून्य उपयोग.

सामान साधं आहे. तीन-चार बांबू, गोणपाट किंवा शेतीच्या दुकानात मिळणारं पांढरं क्रॉप कव्हर, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, चार विटा. गोणपाट, दोरी वगैरे रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास मिळून जातं. दुपारी चार-साडेचारला, पान आणि शेंडा पूर्ण कोरडा असताना काम सुरू करा. आधी सगळ्यात खालची पानं हळूच वर उचलून साडीच्या पट्टीने सैलसर बांधा, मग त्यावरची, असं खालून वर जा. सुतळी किंवा नायलॉनची दोरी वापरली तर देठ कापला जातो. मधोमध जे टोकदार, अजून न उघडलेलं नवं पान उभं असतं, ज्याला माळीकाका सुई म्हणतात, ते वाकवायचं नाही, बाकीची पानं त्याच्याभोवती येऊ द्या, त्यांचंच त्याला संरक्षण होतं. मग पामच्या भोवती बांबू रोवा, शेंड्यापेक्षा वीतभर उंच, वर एकत्र बांधा आणि त्यावरून कापड सोडा. कापड पानांना टेकलं नाही पाहिजे, आणि खाली जमिनीवर पसरून त्यावर विटा ठेवा.

प्लास्टिक नको. आत दव धरतं, ते थेंब शेंड्यात पडतात, आणि सकाळी ऊन आलं की तासाभरात आत भट्टी होते. पाऊस आला म्हणून ताडपत्री टाकायची वेळ आलीच तर ती कापडाच्या वर, आणि सकाळी पहिली ती काढायची.

नऊ-साडेनऊला ऊन अंगावर आलं की रोज उघडा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि इथेच लोक सोडून देतात, आठवडाभर पाम बांधलेलाच राहतो, आत घाम फुटतो, बुरशी येते. रोज उघडणं जमणार नसेल तर झाकूच नका, न झाकलेला पाम चार पानं गमावेल, कोंडलेला पाम कोंब गमावेल.

डोंगरावर जागा असेल तर

पाचगणी, महाबळेश्वर, किंवा मुळशी-भोरकडे खोऱ्यात फार्महाउस असलेल्यांची गोष्ट वेगळी. वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, तिथे गवतावर खरोखर शून्याच्या आसपास जातं. अशा ठिकाणी सुपारी, लिपस्टिक वगैरे नाद सोडा, फॉक्सटेलही जपून. शिंदी, चायनीज फॅन लावा, आणि हौसच असेल तर ट्रॅकिकार्पस, जो शून्याखाली १०-१५ अंशापर्यंत तग धरतो, पण पुण्याच्या उन्हाळ्यात मात्र तो खुश नसतो.

तिथे तंबूच्या आत उष्णता द्यायची तर जुना पिवळ्या उजेडाचा ६० वॉटचा बल्ब कामाचा, एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास काहीच नाही. शोधावे लागतात आता हे बल्ब, तपकीर गल्लीत विचारा. बल्ब पानापासून आणि कापडापासून निदान फूटभर दूर, बुंध्याच्या बाजूला खाली, होल्डर वॉटरप्रूफ, वायर बाहेरच्या वापराची आणि लाइनला ईएलसीबी (वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. दवाने ओली जमीन आणि उघडी वायर, या जोडीने पामच्या आधी माणूस जायचा. वॉचमनच्या भरवशावर हे करू नका, स्वतः तिथे असाल तेव्हाच.

पायरी सहावी: कोंब तपासा

थंडीची लाट येऊन गेली, पानं तपकिरी झाली, आता कात्री काढायची नाही. करपलेलं पान दिसायला वाईट असलं तरी त्याचा देठ कोंबाला आडोसा देतो, आणि पोटॅश कमी असलं की पाम जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्या पानाला पुरवतो. अर्धवट हिरवं पान कापणं म्हणजे त्याचा साठा काढून घेणं. शिवाय ताज्या कापाच्या वासाला सोंड्या भुंगा येतो, विशेषतः नारळावर. पूर्ण वाळून लोंबणारं पान तेवढं काढा, तेही देठ दोन-तीन इंच ठेवून. सोसायटीत २६ जानेवारीच्या आधी "सगळे पाम जरा साफ करून घ्या" असा फतवा निघतो आणि वर शेंडीसारखी चारच पानं ठेवतात, त्याला विरोध करा.

कोंबाची तपासणी अशी. मधली सुई दोन बोटांत धरा आणि हलकेच वर ओढा, अगदी हलकेच. घट्ट बसली असेल तर काळजी नाही, पानं कितीही वाईट दिसोत. हातात आली, खालचं टोक तपकिरी-मऊ आणि आंबूस कुजका वास, तर कोंबकूज सुरू झाली आहे. सुटलेला, कुजलेला भाग काढून टाका, शेंडा उन्हात एक-दोन दिवस सुकू द्या, शेंड्यावर पाणी पूर्ण बंद. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला तीन ग्रॅम, शेंड्यात आणि पानांच्या बेचक्यात फवारा, हातमोजे घालून. दहा दिवसांनी पुन्हा एकदा, त्यानंतर नाही, तांबं जास्त झालं तर कोवळा कोंबच भाजतो. नारळवाले १ टक्का बोर्डो मिश्रण वापरतात, १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, पण कुंडीभर पामसाठी तेवढा खटाटोप कुणी करत नाही.

यानंतर वाट बघायची. सुई गेली तरी खालचा कोंब जिवंत असू शकतो. सुई जिथून निघून आली त्या जागेवर पेनने खूण करा, महिनाभरात खुणेपेक्षा वर काही सरकलं तर पाम जगला. पहिली एक-दोन पानं तुटकी, अर्धवट कापल्यासारखी निघतील, ती कोंबात असतानाच इजा झालेली असते, त्यावर औषध मारत बसू नका. जून सरला आणि वर काहीच हललं नाही तर मग खड्डा खणायला हरकत नाही.

जाता जाता, थंडीच्या कोरड्या दिवसांत पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण वाढतात. घरातल्या आणि आडोशाच्या अरेकावर जास्त. महिन्यातून दोनदा दुपारी ओल्या फडक्याने पानं खालून पुसली तरी बरंच भागतं, नाहीतर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी न मारता उन्हं उतरायच्या जरा आधी, म्हणजे रात्रीपर्यंत पान सुकतं.

पायरी सातवी: संक्रांतीनंतर

दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, पण पाम कॅलेंडर बघत नाही, मातीची ऊब बघतो. फेब्रुवारीत पहाटेचा पारा सलग आठवडाभर १४-१५ च्या वर राहिला की झाकणं, बांबू आवरून ठेवा, पाणी हळूहळू वाढवा आणि सुई सरकायला लागलेली दिसली की पहिलं खत द्या, आधी निम्मं. पुण्यात फेब्रुवारीच्या शेवटी ऊन एकदम चटका देतं, तेव्हा थंडीभर सावलीत ठेवलेल्या कुंड्या आठ-दहा दिवस सकाळच्याच उन्हात ठेवून मग जागेवर न्या.

नवीन पाम घ्यायचा मोह जानेवारीतच होतो, कारण एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं आणि तिथल्या नर्सऱ्यांच्या स्टॉलवरचे पाम बघून हात खिशाकडे जातोच. घ्या, पण विचारून घ्या की हा शेडनेटमधला आहे का उघड्यावरचा. शेडनेटमधला असेल तर घरी आणून लगेच कुंडी बदलू नका, आहे त्या पिशवीत पूर्वेच्या बाल्कनीत आडोशाला ठेवा, मार्चमध्ये कुंडी बदला आणि जमिनीत लावायचा तर पहिला चांगला पाऊस पडू द्या. उरुळी कांचन, मांजरीकडच्या मोठ्या नर्सऱ्यांतून उघड्यावर, जमिनीवर वाढवलेला पाम मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यावे लागले तरी तोच उचला. निवडताना पानं मोजत बसू नका, मधली सुई घट्ट आणि सरळ आहे का ते हात लावून बघा, आणि पिशवीच्या तळातून पांढरी जाड मुळं डोकावत असतील तर खुशाल गाडीत टाका.